‘आणि अन्य विद्वान’: भांडारकर संस्थेच्या महाभारत-प्रकल्पाची हकीकत

महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीतला आदिपर्वाचा खंड १९३३ साली पुरा झाला. त्याच्या नामपृष्ठावर संपादक म्हणून विष्णु सीताराम सुकथनकर यांचे नाव आहे आणि सोबत, ज्यांच्या सहकार्याने हे काम उभे राहिले त्यांची यादी आहे. तीत औंधचे श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी आहेत, पांडुरंग वामन काणे आहेत, मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातले जेझुइट पाद्री झिमरमन आहेत, प्रागचे प्राध्यापक विंटरनित्झ आहेत आणि ज्यांच्यानंतर संपादनाची सूत्रे सुकथनकरांकडे आली ते नारायण बापूजी उटगीकरही आहेत. यादीच्या शेवटी ‘आणि अन्य विद्वान’ असे शब्द येतात. स्मरणिकेत संस्थेचा इतिहास लिहायचा म्हटले की ‘सर्वांच्या सहकार्याने’, ‘निःस्वार्थ वृत्तीने’ अशी वाक्ये आपसूक कागदावर उतरतात. ती खोटी असतात असे नाही, पण त्यांवरून काहीच कळत नाही. सहकार्य म्हणजे नेमके कोणी काय केले, आणि स्वतःला मागे ठेवले म्हणजे कुठे, कोणत्या प्रसंगी, कशाच्या मोबदल्यात, हे सांगता आले तरच त्या शब्दांना वजन येते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेच्या बाबतीत ते सांगता येते. याचे कारण संस्थेतली माणसे इतरांहून थोर होती हे नव्हे. या कामात परार्थ माणसांच्या स्वभावावर सोडलेला नव्हता, तो कामाच्या रीतीतच बसवलेला होता. आणि ती रीत छापील पानावर आजही कोणालाही तपासून पाहता येते.

संस्थेची स्थापना ६ जुलै १९१७ची, म्हणजे रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना ऐंशी वर्षे पूर्ण झाली त्या दिवसाची. भांडारकरांनी आपला ग्रंथसंग्रह संस्थेला दिला, टाटांनी इमारतीसाठी पैसा दिला, आणि १९१८ साली मुंबई सरकारने डेक्कन कॉलेजात असलेला हस्तलिखितांचा संग्रह संस्थेच्या हवाली केला. हा संग्रह बघता बघता जमलेला नव्हता. ब्यूलर, कीलहॉर्न, पीटरसन, काथवटे आणि स्वतः भांडारकर यांनी १८६६पासून गावोगाव हिंडून, हिंडवून, विकत घेऊन, नकला करवून तो वाढवला होता. म्हणजे संस्थेच्या हाती पहिल्याच वर्षी जी पुंजी आली ती दोन पिढ्यांच्या पायपिटीची होती. त्याच वर्षी बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी महाभारताच्या सचित्र आणि चिकित्सक आवृत्तीसाठी एक लाख रुपयांची देणगी जाहीर केली. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते, कीर्तनकार होते, सूर्यनमस्कारांचे प्रचारक होते. आणि पुढे १९३९ साली आपल्या संस्थानाचा कारभार प्रजेच्या हाती देणारी घटना त्यांनीच मंजूर केली. सत्ता सोडायची असते ती कागदावर, नियम करून, हे त्यांना ठाऊक असावे. १ एप्रिल १९१९ रोजी भांडारकरांच्या हस्ते पाठतुलनेच्या कामाला आरंभ झाला. १९२५च्या ऑगस्टात भांडारकर गेले, तोवर प्रत्यक्ष चिकित्सक आवृत्तीचे एकही पान छापून झालेले नव्हते.

ही कल्पना मुळात पुण्याची नव्हती, हेही इथेच नोंदवले पाहिजे. १८९७ साली पॅरिसच्या प्राच्यविद्या परिषदेत विंटरनित्झ यांनी महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढायला हवी असा आग्रह धरला होता. युरोपातल्या अकादम्यांनी पुढे ती योजना हाती घेतली, बर्लिनच्या ल्यूडर्स यांनी १९०८ साली नमुन्याची काही पाने छापली, आणि १९१४च्या महायुद्धाने सगळेच थांबले. ज्या योजनेवर आपण वीस वर्षे घालवली ती दुसऱ्या खंडातली, नुकतीच जन्मलेली एक संस्था करू पाहते आहे, यावर विद्वानाची नेहमीची प्रतिक्रिया काय होते ते सांगायला नको. विंटरनित्झ पुण्याला आले, काम पाहिले, सूचना केल्या आणि सहकाऱ्यांच्या यादीत आपले नाव द्यायला तयार झाले. उटगीकरांची गोष्ट याहून अवघड. त्यांनी १९२३ साली विराटपर्वाची एक प्राथमिक आवृत्ती काढली. ती विद्वानांकडे पाठवली होती ती मुद्दाम, दोष दाखवून घेण्यासाठी. दोष दाखवले गेले. १९२५ साली मुख्य संपादक म्हणून सुकथनकर आले आणि कामाची घडी पुष्कळशी नव्याने बसवली गेली. आपला मसुदा टीकेसाठी पुढे ठेवायचा, त्यावरची टीका पुढच्या माणसाच्या उपयोगी पडायची, आणि नाव मात्र सहकाऱ्यांच्या रांगेत राहायचे, हे उटगीकरांच्या वाट्याला आले. विराटपर्वाची ती आवृत्ती आज कोणी वाचत नाही. पण तिच्याशिवाय पुढची पद्धत ठरली असती असे मला वाटत नाही.

ही पद्धत जवळून पाहिल्याशिवाय पुढचा मुद्दा कळणार नाही. एका श्लोकाला एक मोठा कागद, त्यावर उभ्या-आडव्या रेघा मारून केलेली घरे. सगळ्यांत वर प्रचलित पाठाचा श्लोक, एका घरात एक अक्षर. अनुष्टुभ असेल तर ३२ अक्षरांना ३२ घरे. खाली प्रत्येक पोथीसाठी एक आडवी ओळ. पोथीतले अक्षर वरच्यासारखेच असेल तर घर तसेच सोडायचे, वेगळे असेल तर तेवढेच त्या घरात भरायचे. कोणत्या पोथीत श्लोक नाही, कुठे दोन ओळी जास्तीच्या आहेत, कुठे समासात कोणी मागाहून भर घातली आहे, कुठे किडीने अक्षर खाल्ले आहे, हे उजवीकडच्या मोकळ्या जागेत. हे काम करणारे शास्त्री आणि पदवीधर होते. शारदा, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्या वाचणारी माणसे एका जागी मिळणे अशक्य, म्हणून बंगाली पोथ्यांची तुलना शांतिनिकेतनात आणि दक्षिणेतल्या पोथ्यांची तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात करवून घेतली. लंडनच्या इंडिया ऑफिसपासून बडोद्यापर्यंत ठिकठिकाणच्या पोथ्या उपयोगात आणल्या. एकट्या आदिपर्वाच्या २३५ पोथ्यांचा सुकथनकरांना पत्ता होता. त्यांतल्या सुमारे ७० तपासल्या आणि ६० पोथ्यांचे पाठ छापील आवृत्तीसाठी घेतले. सगळा प्रकल्प संपेपर्यंत तपासलेल्या पोथ्यांची संख्या १,२५९ झाली.

या कागदाचा गुण असा की तो भरणाऱ्याला मत विचारत नाही. शास्त्रीबुवांना कितीही वाटो की हे अक्षर लेखकाच्या हातून चुकले आहे, त्यांनी ते सुधारायचे नाही, आहे तसे भरायचे. ज्याचे सारे आयुष्य अशुद्ध पाठ ऐकताच तो दुरुस्त करण्यात गेले आहे, अशा पंडिताला हे किती जड गेले असेल याची कल्पना करता येते. पण सहकार्याचा पाया इथेच आहे. पुण्यातल्या, तंजावरच्या आणि शांतिनिकेतनातल्या माणसांनी एकमेकांचे तोंडही न पाहता एकाच श्लोकावर काम करायचे असेल, तर प्रत्येकाने आपली हुशारी अमुक एका टप्प्यापर्यंत बाजूला ठेवली पाहिजे, तरच एकाचा कागद दुसऱ्याच्या कागदाशी जुळेल. आपल्याकडे संघभावनेविषयी बोलताना आपुलकी, मैत्री, एकमेकांना सांभाळून घेणे यांवर भर असतो. ते असावेच. मात्र परस्परांना कधी न भेटलेल्या माणसांचे काम जुळते ते आपुलकीने नव्हे, सर्वांनी एकच रूळ धरल्याने.

आता संपादकाकडे वळू, कारण मत विचारले जाते ते त्याला. आणि ज्याला मत आहे, अधिकार आहे, त्याने स्वतःला मागे ठेवणे हीच खरी परीक्षा. चिकित्सक आवृत्तीचे कुठलेही पान उघडा. वर संपादकाने सिद्ध केलेली संहिता, खाली बारीक टाइपात पाठभेद: कोणत्या पोथीत काय आहे, कोणता श्लोक कुठे नाही, जास्तीच्या ओळी कोणत्या. जास्तीच्या ओळींना तारकांकित क्रमांक, लांबलचक प्रसंग असतील तर ते परिशिष्टात पूर्ण छापलेले. वरच्या संहितेतही जिथे संपादकाची खात्री नाही तिथे शब्दाखाली नागमोडी रेघ. म्हणजे निकाल वर आणि त्या निकालाविरुद्धचा सगळा पुरावा खाली, एकाच पानावर, एकाच किमतीत. ज्या वाचकाला संपादक चुकला असे वाटेल त्याने दुसरीकडे कुठे जायची गरज नाही. संपादकाला खोटे पाडण्याचे साहित्य संपादकानेच त्याच्या हाती दिले आहे. वकील मंडळी मला क्षमा करोत, पण प्रतिपक्षाची कागदपत्रे आपल्याच खर्चाने छापून देणारा पक्षकार अजून जन्मायचा आहे.

सुकथनकरांचे स्वतःचे एक मत होते, आणि ते लहानसहान नव्हते. १९३६ साली संस्थेच्या नियतकालिकात त्यांनी भृगुवंश आणि भारत यांच्यावर दीर्घ निबंध लिहिला. महाभारतात भार्गवांच्या कथा जागोजाग घुसल्या आहेत, मूळ कौरव-पांडवांच्या कथेशी त्यांचा फारसा संबंध नाही, आणि भारताचे महाभारत होण्यात भार्गवांचा मोठा हात असावा, असा त्यांचा निष्कर्ष होता. आता ज्याच्या हाती महाभारताची संहिता ठरवण्याचा अधिकार आहे आणि ज्याची अशी पक्की धारणा आहे, तो काय करील? आदिपर्वातल्या पुलोमेच्या, च्यवनाच्या, और्वाच्या कथा त्याने तळटिपांत ढकलल्या असत्या तर ‘तर्काला धरून केले’ म्हणणारे पुष्कळ निघाले असते. सुकथनकरांनी त्यांना हात लावला नाही, कारण उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या पोथ्यांत त्या कथा आहेत. पोथ्यांची साक्ष एकमुखी असेल तर संपादकाचे मत कितीही बळकट असो, ते निबंधात जाईल, संहितेत नाही. मत दाबले नाही, लपवले नाही. त्याची जागा कोणती एवढे ओळखले. मला या सबंध इतिहासात स्वतःला मागे ठेवण्याचे याहून स्वच्छ उदाहरण दिसत नाही, आणि गंमत अशी की ते एखाद्या नाट्यमय प्रसंगात नाही. जे घडले नाही त्यात ते आहे.

उलट दिशेचे उदाहरण सभापर्वाचे. त्याचे संपादन येल विद्यापीठाच्या फ्रँकलिन एजर्टन यांनी केले, ते १९४४ साली पुरे झाले. द्यूतसभेत दुःशासन द्रौपदीचे वस्त्र ओढतो, ती कृष्णाचा धावा करते, कृष्ण वस्त्रे पुरवतो, हा प्रसंग कीर्तनांतून, आख्यानांतून, पुढे सिनेमातून मराठी माणसाच्या अंगी मुरलेला. चिकित्सक संहितेत वस्त्रामागून वस्त्र निघते, पण ती कोण पुरवतो ते सांगितलेले नाही, आणि कृष्णाचा धावा वरच्या मजकुरात नाही. तो खाली, तारकांकित ओळींत आहे. तसेच व्यासांनी सांगावे आणि गणपतीने लिहावे ही कथा आदिपर्वाच्या परिशिष्टात गेली. या निर्णयांनी अनेकांची मने दुखावली, आजही दुखावतात. परंतु दुखावलेल्या वाचकानेही पाहावे की धावा पुसलेला नाही. कोणत्या पोथ्यांत तो आहे, कोणत्या शब्दांत आहे, हे त्याच पानावर आहे. ज्या पोथ्यांच्या बळावर तो वर यावा असे एखाद्याला वाटते, त्या पोथ्यांची साक्षही तिथेच नोंदलेली आहे. इथे आणखी एक गोष्ट जाता जाता. प्रचलित पाठ म्हणून ज्याला आपण ओळखतो तो बहुतांशी सतराव्या शतकातल्या नीलकंठ चतुर्धरांचा, आणि नीलकंठ मूळचे गोदाकाठच्या कोपरगावचे. काशीत बसून त्यांनी देशोदेशीच्या पोथ्या गोळा करून टीका लिहिली. पुण्याच्या आवृत्तीने ज्याचा पाठ बाजूला सारला तो माणूस परका नव्हता. आपला म्हणून त्याला झुकते माप दिले गेले नाही.

पहिला आक्षेप इथे येतो आणि तो वजनदार आहे. हे सारे सहकार्य वगैरे म्हणायच्या गोष्टी; खरे काम सुकथनकरांच्या एकट्याच्या बुद्धीचे. केंब्रिजला गणित शिकलेला, बर्लिनला ल्यूडर्सच्या हाताखाली तयार झालेला हा माणूस लाभला नसता तर संस्था उटगीकरांच्या प्राथमिक आवृत्तीवरच अडून बसली असती. हे अर्धे खरे आहे. सुकथनकरांची आदिपर्वाची प्रस्तावना वाचली की पद्धत कोणाच्या डोक्यातून आली याबद्दल शंका राहत नाही. पण सुकथनकर २१ जानेवारी १९४३ रोजी वारले, मुंबई विद्यापीठातली महाभारतावरची व्याख्यानमाला अर्धवट टाकून, चौथे व्याख्यान व्हायच्या आत. त्यांच्या हातून पुरी झालेली पर्वे दोन, आदि आणि आरण्यक. अठरांपैकी दोन. पुढची तेवीस वर्षे काम त्यांच्याशिवाय चालले. आधी श्रीपाद कृष्ण बेलवलकर, मग १९६१पासून परशुराम लक्ष्मण वैद्य मुख्य संपादक. सुकथनकरांच्या हयातीतच विराटपर्व लाहोरच्या रघुवीरांनी केले होते, उद्योग आणि पुढे द्रोण ढाक्याला अध्यापन केलेल्या सुशीलकुमार दे यांनी. मधल्या काळात देशाची फाळणी झाली, लाहोर आणि ढाका दोन्ही सरहद्दीपलीकडे गेली. शल्य आणि अनुशासन रामचंद्र नारायण दांडेकरांनी केले, सौप्तिक ह. दा. वेलणकरांनी. या माणसांच्या बुद्धीची ठेवण, आवडीनिवडी, कठोरपणा एकसारखा मुळीच नव्हता, आणि जाणकाराला पर्वापर्वांतला फरक जाणवतोही. तरी आदिपर्वाचे पान आणि अनुशासनाचे पान शेजारी ठेवले तर ते एकाच ग्रंथाचे आहे हे सांगावे लागत नाही. थोर माणसाने काम स्वतः करून दाखवणे वेगळे आणि आपण नसताना ते होईल अशी सोय करून ठेवणे वेगळे. सुकथनकरांनी दुसरेही केले, आणि माझ्या मते त्यांच्या बुद्धीचा मोठा खर्च या दुसऱ्यावर झाला. त्या रीतीला पुण्याबाहेरही आधार मिळाला: बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने १९६० ते १९७५ या काळात वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती याच वाटेने काढली.

दुसरा आक्षेप संस्थेच्याच कपाटातून निघतो. पांडुरंग वामन काण्यांचा धर्मशास्त्राचा इतिहास याच संस्थेने प्रसिद्ध केला. पहिला खंड १९३०चा, पाचवा १९६२ साली पुरा झालेला, पाने साडेसहा हजारांच्या घरात, आणि लेखक एक. हायकोर्टातली वकिली सांभाळून एका माणसाने ते लिहिले आणि १९६३ साली भारतरत्न मिळवले. मग समित्या, मंडळे, देशोदेशीचे सहकारी हवेत कशाला? याचे उत्तर कामाच्या जातीत आहे. काण्यांचे काम ग्रंथ वाचून, तोलून, अर्थ लावण्याचे. ते एका मनात झाले तरच त्याला सलगता येते, आणि ते चुकले तर काणे चुकले एवढेच होते. संहिता ठरवण्याचे काम एका मनावर सोपवले तर ते मन ग्रंथात झिरपते आणि मागाहून वेगळे काढता येत नाही. म्हणून एकट्याची करामत आणि अनेकांची शिस्त यांत श्रेष्ठ कोण हा वाद मला निरर्थक वाटतो. कोणते काम कोणत्या हाताने करायचे हे ओळखणे महत्त्वाचे, आणि हे ओळखणारी माणसे एकाच इमारतीत दोन्ही कामे चालवत होती. शिवाय नामपृष्ठावरच्या सहकाऱ्यांच्या यादीत काण्यांचे नाव आहेच. एका कामात स्वामी असलेला माणूस दुसऱ्या कामात अनेकांपैकी एक व्हायला तयार होता.

तिसरा आक्षेप परदेशातून आला. फ्रेंच विद्वान सिल्वँ लेव्ही यांनी आदिपर्वाच्या सुरुवातीच्या भागांचे कौतुक करतानाच सुचवले की मूळ संहितेच्या मागे लागू नका. नीलकंठी पाठ वर छापा आणि भेद खाली द्या, ते पुरे आहे. पुढे मादलेन बियार्दो यांनी तर सांगितले की तोंडोतोंडी वाढलेल्या परंपरेला असा एकच जुना पाठ मानणेच चूक. थोडक्यात, पुण्याने जी संहिता सिद्ध केली ती तशीच्या तशी कुठल्या गावात, कुठल्या पुराणिकाने कधी म्हटली नव्हती. ती संपादक मंडळाने तयार केलेली आहे. आक्षेपाचा हा भाग मान्य करावा लागतो, आणि सुकथनकरांनीही तो नाकारलेला नाही. व्यासांच्या हातचा मूळ ग्रंथ सापडला असा दावा त्यांनी केला नाही. उपलब्ध पोथ्यांच्या आधारे जेवढे मागे जाता येते तेवढे मागे जाणारा पाठ, इतकेच त्यांचे म्हणणे. पण लेव्हींच्या सल्ल्याप्रमाणे चालले असते तर निर्णयाची जोखीम टळली असती आणि वाचकाच्या माथी बाराशे पोथ्यांचा पसारा पडला असता. निर्णय घ्यायचाच नाही यात नम्रता दिसते खरी, पण ती ओझे दुसऱ्यावर ढकलणारी नम्रता आहे. निर्णय घ्यायचा, त्यावर आपले नाव घालायचे आणि तो फिरवण्याची साधने जवळ ठेवायची, हे दुसऱ्याची सोय पाहणे झाले.

यानंतरचा आक्षेप मला सगळ्यांत अवघड वाटतो आणि स्मरणिकेत तो सहसा येत नाही. ‘स्वतःला मागे ठेवणे’ हे शब्द सुकथनकरांना लावले तर शोभतात, कारण त्यांच्याजवळ मागे ठेवण्यासारखे काही होते: नाव, अधिकार, मत. घरांत अक्षरे भरणाऱ्या शास्त्र्यांना ते लावणे योग्य आहे का? वर्षानुवर्षे पोथ्यांवर डोळे शिणवणाऱ्या, थोड्या पगारावर काम करणाऱ्या या माणसांना कोणी विचारले नव्हते की नाव हवे की नको. प्रस्तावनांतल्या आभारांत त्यांचे उल्लेख येतात, पण नामपृष्ठावर ते ‘अन्य विद्वानां’तही मोडत नाहीत. ज्याला निवड होती त्याचा त्याग आणि ज्याला नव्हती त्याचे निमूटपण, दोन्हींना एकाच हाराने गौरवणे म्हणजे दुसऱ्याची फसवणूक. संस्थेच्या बाजूने एवढे म्हणता येईल की तिच्याजवळ पैसा नव्हता: औंधची देणगी, मुंबई सरकारची मदत, बडोदा, म्हैसूर अशा संस्थानांची अनुदाने, हैदराबादच्या निजामांनी महाभारतासाठी आणि अतिथिगृहासाठी दिलेली रक्कम, असे जमवत जमवत काम चालले. निजामांच्या नावाचे अतिथिगृह संस्थेच्या आवारात अजून उभे आहे. अतिथिगृहाला देणगीदाराचे नाव मिळाले, पाठतुलनेच्या कागदांना ते भरणाऱ्यांचे मिळाले नाही. पैसा नव्हता हे कारण पगाराला लागू पडते, नावाला पडत नाही. ते कागद भरणाऱ्यांची यादी, जितकी जुळवता येईल तितकी, जुळवून छापणे आजही अशक्य नाही, आणि अशा स्मरणिकेइतकी योग्य जागा तिला दुसरी मिळणार नाही.

राहिला वेळेचा प्रश्न. १९१९ ते १९६६ म्हणजे ४७ वर्षे. भांडारकर, विंटरनित्झ, सुकथनकर, बाळासाहेब यांपैकी कोणीही शेवट पाहिला नाही. पहिला भाग १९२७ साली निघाला तेव्हा ज्या ग्राहकांनी वर्गणी भरली त्यांच्यापैकी किती जणांच्या कपाटात शेवटचा खंड पोहोचला असेल? एकट्याने, धडाडीने, कमी पोथ्यांवर केले असते तर दहा-पंधरा वर्षांत आटोपले असते, असे म्हणणारे भेटतात. आटोपले असते, आणि दहा-पंधरा वर्षांनी कोणीतरी ते पुन्हा करायला घेतले असते. २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत पूर्ततेचा समारंभ झाला. पाऊण लाखाच्या आसपास श्लोकांची ती संहिता १९ खंडांत उभी राहिली. पुढच्याच वर्षी इरावती कर्व्यांचे ‘युगान्त’ आले. बाईंनी आधार घेतला तो या आवृत्तीचा. मराठी वाचकाला त्या आवृत्तीचा पहिला मोठा लाभ झाला तो असा, खंड न उघडताच. वैद्यांनी हरिवंशाचे संपादन हाती घेऊन १९६९ आणि १९७१ साली त्याचे दोन खंड काढले. श्लोकपादांची सूची सहा खंडांत निघाली. शिकागोत फान बॉयटेनन यांनी १९७३पासून या संहितेचे इंग्रजी भाषांतर छापायला घेतले, आणि त्यांचे निधन झाल्यावर ते इतरांनी पुढे चालवले. जपानच्या मुनेओ तोकुनागांनी ही सबंध संहिता संगणकावर चढवली, केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी ती तपासून सुधारली, आणि आज कुठल्याही विद्यार्थ्याला ती फुकट मिळते. तोकुनागांच्या प्रतीत पाठभेद नव्हते, फक्त वरची संहिता होती. त्यामुळे केवळ ती प्रत पडद्यावर वाचणाऱ्या विद्यार्थ्याला निकाल दिसतो, पुरावा दिसत नाही. नागमोडी रेघही दिसत नाही. सगळ्या पाठभेदांसकट खंड संगणकावर आणणे हे कष्टाचे, वेळखाऊ आणि पुन्हा पुष्कळ हातांचे काम आहे, आणि ते करायला संस्थेइतका दुसऱ्या कोणाचा हक्क पोहोचत नाही.